गट कोणासाठी थांबतो

१४ जून २०२०, रविवार. ट्रुगानिना

आज आम्ही दोघी बहिणी युगांडात असायला हव्या होतो. ब्विंडीच्या जंगलात, पायात जाड मोजे, हातात काठी, पुढे कोयत्याने झुडपं तोडणारा वाटाड्या आणि मागे लता, शिंकत. त्याऐवजी मी मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, मुलाच्या घरात बसून बाहेरच्या वाऱ्याचा आवाज ऐकते आहे. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले होते. एप्रिलचं परतीचं विमान उडालंच नाही. खास विमानं सुटतात म्हणे, पण यतिन म्हणतो, "आई, तुझं बीपी, तुझं वय." माझं वय मला ठाऊक आहे. विमानाला ते कळवायची गरज नव्हती.

गोरिलांचं वेड लताचं, माझं नाही. कॉन्व्हेंटमध्ये चौथीत असताना तिने फळ्यावर गोरिला काढला आणि त्याच्या डोक्याला सिस्टर फिलोमिनांसारखं पांढरं फडकं बांधलं. तिला व्हरांड्यात उभं केलं. मी सहावीत होते. वर्गातून उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सिस्टरनी विचारलं, तुझं इथे काय काम? मी इंग्रजीत, पूर्ण वाक्यात सांगितलं की मी तिची बहीण आहे. पुढे ती चित्रकलेची शिक्षिका झाली, लग्न केलं नाही, आणि जन्मभर गोरिलांबद्दल वाचत राहिली. मी इन्कम टॅक्समध्ये गेले. चंदेरी पाठीचे, छाती बडवणारे नर मी तिथेच पुष्कळ पाहिले, म्हणून मला पुस्तकांची गरज पडली नाही. तिने या खेपेला एक जाडजूड पुस्तक माझ्या बॅगेत कोंबलंय. मी फोटो पाहिले.

काल तिचा फोन आला तो रडतच. युगांडातल्या गोरिलांच्या एका गटाचा म्होरक्या शिकाऱ्यांनी भाल्याने मारला. सतरा जणांचं कुटुंब.

"ताई, आता गट फुटेल गं. पिल्लं कोणाच्या मागे जातील?"

"बाबांच्या वेळी तू एवढी रडली नव्हतीस," मी म्हटलं.

"बाबांच्या वेळी तू रडू दिलं नव्हतंस. ही लोकं निदान बसतात गं जवळ. तासन्‌तास बसतात. केस साफ करतात मेलेल्याचे, हात धरून बघतात. कोणी त्यांना म्हणत नाही, उठा, पाहुणे आलेत, चहा टाका."

"ही लोकं," म्हणते ती गोरिलांना.

आमची गोरिला बघायची परवानगी पुढच्या जूनवर ढकलून मिळाली आहे. ठरलंय असं, की चढायचा सराव सोडायचा नाही. मी इथे, ती पुण्यात.


९ जुलै, गुरुवार

पुन्हा लॉकडाऊन. व्यायामाला बाहेर पडायची परवानगी आहे, पण चढ कुठे आहे? ट्रुगानिना पोळपाटासारखं सपाट. सगळी घरं एकाच साच्यातली, करड्या दारांची. मी एकदा चुकीच्या घराची बेल वाजवली तर आतून दुसरीच मराठी सून आली.

म्हणून घरातलाच जिना चढते. पाठीवर यतिनची जुनी लॅपटॉपची बॅग, तिच्यात कणकेची पिशवी. सून सुरुची पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिफ्टला जाते, ती आल्यावर पोळ्या करायला पिशवी बॅगेतून काढावी लागते. ती डबा जरा आपटून ठेवते. नात मयूरा सहा वर्षांची आहे. पायरीवर बसून मला निरखते.

"आजी, यू आर सो स्लो."

"मराठीत बोल."

"आजी, तू सो स्लो आहे."

लतासुद्धा तिच्या इमारतीचा जिना चढते. चौथा मजला, आणि लिफ्ट बहुतेक बंदच. रोज आवाजाचा संदेश पाठवते. आज म्हणाली, शेजारचे विचारतात मॅडम कुठे निघालात, मी सांगते आफ्रिकेला.


२१ जुलै, मंगळवार

लताचा संदेश आला. हिला परत सर्दी. हिला जन्मभर सर्दीच आहे. गोरिलांकडे जाताना सर्दीवाल्याला पायथ्यावरूनच परत पाठवतात, माणसाचा खोकला त्यांना मारू शकतो, हे हिनेच मला शिकवलंय.

पण निदान चढतेय तरी. धापा टाकत होती नुसती. "ताई... आज दोनच मजले झाले... मग पायरीवर बसले जरा." मग बराच वेळ नुसता श्वास. "एक विचारू? मागे राहिलेल्या म्हातारीसाठी... गट थांबतो का गं? तू पुस्तक... वाचलंस का तेवढं?"

मी उलट संदेश टाकला, "थांबत-बिंबत नाही कोणी. नाक शिंकर आणि चढ. दोन मजल्यांत ही अवस्था, तर युगांडात मी तुला ओळखसुद्धा दाखवणार नाही."

ऐकला तिने. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. फुगली असणार.

परवापासून इथे बाहेर पडताना मास्क सक्तीचा. सुरुचीने लॅबमधून आणून दिलेत. यतिनला ते लावल्यावर बोललेलं कळत नाही, न लावताही फारसं कळत नसे.


२७ जुलै, सोमवार

लताचा अबोला सुरू झालाय. मला नवीन नाही. आईच्या शिवणयंत्रावरून एकदा तीन महिने बोलली नव्हती. मग एका सकाळी दारात आली, हातात पातेलं, "खीर आहे, खाणार असशील तर," आणि विषय संपला. त्यामुळे मी घाबरत नाही. मी लिहिलं, "नाटकं पुरे." आधी दोन खुणा दिसायच्या, आता एकच दिसते. फोनच बंद करून ठेवलाय बाईसाहेबांनी.

यतिनला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पुण्यात नेटवर्कचा घोळ आहे सध्या."

"चारुदत्तच्या फोनला बरं नेटवर्क आहे. त्याच्याशी तू रोज बोलतोस."

चारुदत्त आमचा मामेभाऊ, लताच्याच भागात राहतो. यतिनला त्याचा इतका पुळका कधीपासून आला, मला माहीत नाही. मी स्वतः चारुदत्तला फोन केला, म्हटलं, जा, वर जाऊन तिचं दार वाजव.

"ताई, त्यांची बिल्डिंग सील केलीय. ती बरी आहे. आराम करतेय."

"आराम! सराव सोडून?"

तो हसला नाही. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला हसतो, हसण्यासारखं नसलं तरी.


३ ऑगस्ट, सोमवार

आता रात्री आठनंतर संचारबंदी. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं. दिवसातून एकच तास बाहेर. लता बोलत असती तर तिला सांगितलं असतं की गोरिलांसमोरही एकच तास उभं राहू देतात, तास झाला की वाटाड्या म्हणतो, चला. आपल्यालाही आता तसंच बघतंय कोणीतरी.

दुपारी सुरुची कपड्यांच्या मशीनजवळ दार लोटून फोनवर बोलत होती. "ब्याऐंशीवर आलंय? मग व्हेंटिलेटर मिळतोय का बघा ना." मी दार उघडलं तर दचकली.

"कोणाशी बोलत होतीस?"

"लॅबमधलं होतं, आई."

घरी आल्यावर तरी कामाचा विचार करू नये माणसाने. मी तिला आल्याचा चहा करून दिला. कप हातात धरून ती म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना जरा माझ्याजवळ." मला सराव होता. मी जिन्याकडे गेले.


१७ ऑगस्ट, सोमवार

सकाळी यतिन सापडेना. ऑफिसची मीटिंग सुरू झालेली, लॅपटॉप बडबडतोय आणि खुर्ची रिकामी. शेवटी गॅरेजमध्ये मिळाला. गवत कापायच्या यंत्राशेजारी दुधाच्या क्रेटवर बसला होता, कालचाच स्वेटर, डोळे लालभडक.

"काय झालं रे?"

"हे-फीव्हर. परागांची ॲलर्जी."

"ऑगस्टमध्ये? थंडीत?"

"वॉटल फुललाय ना, आई. सगळीकडे पिवळं झालंय."

वॉटल फुललाय हे खरं. कोपऱ्यावरचं झाड पिवळंधमक आहे. मी म्हटलं, मग गोळी घे आणि दाढी कर. तर उठला आणि मला घट्ट मिठी मारली. नोकरीला लागल्यापासून या मुलाने मला अशी मिठी मारलेली नाही. बराच वेळ सोडेना. मी म्हटलं, "अरे, मीटिंग चालू आहे तुझी." तेव्हा सोडलं.

लहानपणी हा असाच लताला बिलगायचा. मी ऑफिसातून येईपर्यंत शाळा सुटल्यावर तिच्याकडेच असे. ती त्याच्या डोक्यातून हात फिरवत बसायची आणि गणितं तशीच राहायची. मी येऊन दोघांनाही रागवायचे.

वर्तमानपत्रात वाचलं, युगांडातले गोरिला सप्टेंबरपासून परत बघता येणार. सगळ्यांना मास्क, आणि सातऐवजी दहा मीटर लांब उभं राहायचं. लताला कळवलं. खाली लिहिलं, "माफी मागायची गरज नाही. फक्त तयारी ठेव." एक खूण.

तीस वर्षं लोकांनी काय काय लपवलं आणि मी शोधून काढलं. खोट्या भिंती, गाद्या, देवघरं. आणि माझी सख्खी बहीण मला एका निळ्या खुणेसाठी खेळवतेय.


१९ ऑगस्ट, बुधवार

माझ्या एका तासाला निघाले तर शेजारची रेखा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. लुधियानाची आहे, आवाज मोठा, मन चांगलं. मला पाहून हातातली चादर तशीच सोडून कुंपणाशी आली.

"आंटी, आप ठीक हैं? यतिनभैया ने मेरे हज़बैंड को बताया. बहुत दुख हुआ सुनके. इतना अच्छा प्लान था आप दोनों का."

मला बरं वाटलं. या घरातल्या कोणाला नाही, तर निदान शेजारणीला माझ्या गोरिलांची किंमत आहे. मी म्हटलं, "कोई बात नहीं. अगले साल जाएँगे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग डोळ्यांना ओढणी लावली. "हाँ आंटी. आप ज़रूर जाना. उनके लिए भी जाना."

भारी हळवी बाई. गोरिलांसाठी रडणारी ही माझ्या आयुष्यातली दुसरी. लताला सांगायला हवं.


२२ ऑगस्ट, शनिवार. गणेश चतुर्थी

आज या घराने मला जरा आश्चर्यात टाकलं. सुरुचीच्या माहेरचे लोक सांगलीचे, फार सोवळ्याओवळ्याचे. गणपतीची पूजा ती एरवी कोणाला करू देत नाही. गेल्या वेळी मी दूर्वा पुढे केल्या तर म्हणाली होती, राहू दे आई, मी करते. आणि आज?

"आई, या वर्षी पूजा तुम्हीच करा. सगळं तुम्हीच."

"आणि तू?"

"मी काढून ठेवलंय सगळं कालच. तुम्हाला सांगेन काय कुठे आहे ते."

उशिरा का होईना, अक्कल आली. मयूराने शाळेच्या मातीचा गणपती केलाय, सोंड जरा जाड. त्याची प्रतिष्ठा केली. मोदकांची उकड काढली, सारण केलं, सगळं माझ्या हाताने. सुरुची ओट्यापासून लांब उभी राहून बोटाने दाखवत होती, वेलदोडे तिथे, तूप तिथे. आरतीला यतिन जेवणाच्या टेबलापलीकडेच थांबला. टाळ्याही वाजवेना. मी म्हटलं, "तबक तरी फिरव, महाराज." तर सुरुचीच मध्ये पडली, "राहू दे आई, त्याला बरं वाटत नाहीये." मग मी आणि मयूराने आरती म्हटली. घंटा तिच्याकडे. प्रसादसुद्धा मी वाढला तेव्हा कुठे त्या दोघांनी घेतला.

मोदक सुरेख झाले. लताचे नेहमी उकलतात. ती म्हणते, चवीला तेच ना. मी ताटाचा फोटो तिला पाठवला. "बघ. फुटलेला एकही नाही."


२५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी दहाच्या सुमाराला दोन खुणा आल्या. सगळ्या संदेशांना एकदम. नाटकं पुरे. माफी मागायची गरज नाही. मोदक. बघता बघता निळ्या झाल्या. मला इतका आनंद झाला की मी पलंगावर टाळी वाजवली. लगेच फोन लावला, आणि उचलल्या उचलल्या सुरू झाले.

"आलीस का वळणावर? तीन महिन्यांचा विक्रम मोडायचा होता का?"

पलीकडे पुरुष खाकरला. "ताई, मी चारुदत्त."

"तिचा फोन तुझ्याकडे कशाला?"

"हॉस्पिटलने काल दिला सामानाबरोबर. चार्ज केला आत्ता." मग म्हणाला, "ताई, यतिन बोलला ना तुझ्याशी?"

"काय बोलायचं होतं त्याने?"

त्याने मग विचारलं, "विसर्जन झालं ना तुमच्याकडे? आपला दीड दिवसांचा..."

आपला दीड दिवसांचाच. पण हा घरगुती गणपती सुरुचीच्या माहेरच्या रीतीने, पाच दिवसांचा. चारुदत्तला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, विसर्जन झालं, म्हणजे मला सांगून झालं.

मी म्हटलं, "चारुदत्त, पूर्ण वाक्यात सांग."

सांगितलं त्याने. रडत सांगितलं, पण पूर्ण वाक्यात.

लता गेली. सोळा तारखेला.


२६ ऑगस्ट, बुधवार

लिहून काढते, नाहीतर मी कोणावर तरी काहीतरी फेकेन.

काल खाली उतरले तेव्हा सुरुची नुकतीच शिफ्टवरून आली होती. माझं तोंड पाहिलं आणि तिच्या हातातून किल्ल्या पडल्या. पहिलं वाक्य काय निघावं तिच्या तोंडून? "आई, तुम्हाला कोणी सांगितलं? अजून विसर्जन..."

मग मी बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही, भिंतींनी ऐकलंय ते पुरे. ती शेवटी म्हणाली, "माझ्या आईला विचारलं होतं मी. ती म्हणाली, मावशी असली तरी दहा दिवस पाळायचे, पण ज्याला कळलं नाही त्याला सुतक नाही. यतिनला आणि मला कळलं होतं. आम्हाला शिवता येत नव्हतं. आणि गणपती आणलाच नसता तर तुम्ही विचारलं असतं, का नाही आणला."

म्हणजे घरात पूजेला लायक असा एकच मोठा माणूस होता. ज्याला काही माहीत नव्हतं असा. लता गेल्याच्या सहाव्या दिवशी मी उकडीला तेलाचा हात लावत होते, आणि मला तसं ठेवलं होतं कारण माझे हात स्वच्छ होते. मी त्यांच्यासमोर आरती म्हटली. चाल चुकली म्हणून मयूराबरोबर हसले. तिला फोटो पाठवला.

"तुझी मावशी होती ती," मी यतिनला म्हटलं. "तुला एका देवाची भीती वाटली?"

"देवाचं निमित्त होतं गं," तो म्हणाला. टेबलाच्या त्याच बाजूला उभा होता, जिथे आरतीला उभा होता. "मला सांगताच आलं नाही. जिना चढून तुझ्या दारापर्यंत यायचो. तू पाठीवर बॅग लावून उभी. म्हणायचीस, मावशीला कळव, मी आज न थांबता चढले. मग मी परत खाली जायचो."

"गॅरेजमध्ये."

"हो."

"आजारी होती तेव्हा का नाही सांगितलंस?"

"ती म्हणाली होती, ताईला सांगू नका. ती तिकडे अडकलीय, विमान नाही, काही नाही. ओरडेल सगळ्यांना. बरी होऊन मीच फोन करते, म्हणाली."

ओरडले असते. बरोबर ओळखलं होतं तिने.

चारुदत्तला मी परत फोन केला. विचारलं, तिच्याजवळ कोण होतं? कोणी नाही. आत सोडत नव्हते, तो फाटकापाशी थांबायचा. स्मशानात? तिथेही लांबूनच. पिशवीतूनच नेलं.

"किती लांबून? दहा मीटर?"

"जास्त, ताई."

गोरिलांना यापेक्षा जवळून बघू देतात.

आज दुपारी विसर्जनाचा प्रश्न आला. सुरुची हळूच म्हणाली, आता तुम्हालाही सुतक, मग मूर्ती उचलायची कोणी? मयूराला माहीत नाही, मयूरा उचलेल, मी पाण्याची बादली फक्त...

"मयूरा, इकडे ये," मी म्हटलं.

"आई, प्लीज," यतिन म्हणाला. "लहान आहे ती."

"लहान आहे, मूर्ख नाही." मी तिला मांडीवर घेतलं. "लताआजी आजारी पडली होती. दहा दिवसांपूर्वी ती गेली. मेली. आता ती फोनवर येणार नाही."

तिने आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. "लाइक, डेड डेड?"

"हो."

"पण तिने मला गोरिला ड्रॉइंग शिकवायचं होतं. नोजपर्यंत झालं होतं."

आणि ती रडायला लागली, आणि तिचं पाहून यतिन रडायला लागला, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, तीन वर्षांचा असताना लताच्या घरून न्यायला गेले की रडायचा तसा. सुरुची दाराशी उभी होती. मी तिला म्हटलं, "आता कोणीच शुद्ध उरलेलं नाही या घरात. चल, सगळेच उचलू."

चौघांनी मिळून पाट मागच्या अंगणात नेला. लिंबाच्या झाडाखाली बादली. माझा पाय अडखळला तेव्हा सुरुचीने माझं कोपर धरलं आणि नंतर सोडलं नाही. मी तिला अजून माफ केलेलं नाही. हात सोडवून मात्र घेतला नाही.

शाळेची ती माती लवकर विरघळेना. वारा बोचरा. एरवी बादलीत सोडून आत जातात लोक, चहाला. मी गवतावर बसले. मग यतिन माझ्या शेजारी बसला, कालचा, परवाचा, तोच स्वेटर घालून, त्यावर गॅरेजमधलं गवत अन् लोकरीचे गोळे. मी ते एक एक करून काढायला लागले. त्याने मान खाली घातली आणि काढू दिले.

"आजी, आर वी वेटिंग?" मयूराने विचारलं.

"हो."

"हाऊ लाँग?"

"लागेल तेवढं."

ती आत पळाली आणि लताचं जाड पुस्तक घेऊन आली. "रीड इट. लताआजीचं." मी चष्मा लावला. फोटोंच्या पानांपुढे कधी गेलेच नव्हते. इंग्रजी वाचत गेले आणि तिला मराठीत सांगत गेले. चंदेरी पाठीचा नर कसा झोपायची जागा निवडतो. पिल्लू आईच्या पाठीवर कसं बसतं. मेलेल्या मादीजवळ कोण कोण येऊन बसतं. मग एक पान आलं, ते मी तिला वाचून दाखवलं नाही. यतिन माझ्या खांद्यावरून वाचत होता, त्याने वाचलं असेल.

त्यात लिहिलंय की गटातलं कोणी जखमी असलं, किंवा एखादी म्हातारी मागे पडली, की म्होरक्या आपली चाल मंद करतो. ती येईपर्यंत सगळा गट वाटेत खात बसून राहतो.

पुस्तक फेब्रुवारीपासून माझ्या बॅगेत होतं. तिने विचारलं तेव्हाही.